३० किलो पेट्रोल की ४०० किलो बॅटरी?

चौदाचा पाना:
गॅरेजमध्ये दिवसाआड कोणी ना कोणी विचारतंच, "आत्ता पेट्रोलची घेऊन टाकू की इलेक्ट्रिकसाठी थांबू?" माझं मत आधीच सांगतो, मग खुशाल तुटून पडा. पूर्ण विजेवरची गाडी सगळ्यांना पुरणार नाही, निदान या पिढीत तरी. पेट्रोलची जागा घेतलीच तर हायब्रिड घेईल, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी.

सगळं घोडं वजनापाशी अडतं. ४० लिटर पेट्रोलचं वजन ३० किलो आणि त्यात ऊर्जा साधारण ३५० युनिट. वीजबिलावर असतं तेच युनिट, म्हणजे किलोवॉट-तास. ६० युनिटांची बॅटरी मात्र ४०० किलोच्या घरात जाते. लगेच कोणी म्हणेल, इंजिन तर त्यातली तीन चतुर्थांश ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उडवतं. उडवतंच. वीस वर्षं तापलेल्या सायलेन्सरचे चटके मीच खाल्लेत. पण एवढी उधळपट्टी करूनही ती गाडी ६०० किलोमीटर जाते आणि चार मिनिटांत टाकी पुन्हा फुल.

हायब्रिड त्या उधळपट्टीतलं थोडं परत मिळवते. ब्रेक दाबला की मोटरचा जनरेटर होतो, सिग्नलला इंजिन गप्प, निघताना पहिली ओढ मोटरची. टोयोटाने १९९७ मध्ये प्रियस आणली तेव्हापासून ही युक्ती रस्त्यावर आहे, म्हणजे प्रयोग करायचे दिवस कधीच सरले. अशा गाडीची चाकं काढली की ब्रेक पॅड बघून गंमत वाटते. ८० हजार किलोमीटर झालेले असतात आणि पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक. बॅटरी केवढी? एक-दीड युनिटाची. ६० युनिटांच्या एका बॅटरीत अशा ४० गाड्या होतात. बॅटरीचा कच्चा माल तोकडा असेल तर तो एकाच गाडीत कोंबायचा की चाळीस गाड्यांत वाटायचा?

बिनआवाजी:
साफ असहमत. साडेचार वर्षं विजेची गाडी चालवतोय, ७० हजार किलोमीटर झाले. वजनाचं गणित बरोबर आहे, पण ते वजन गाडी ओढते, मी नाही. रोजचं येणं-जाणं ४५ किलोमीटर. रात्री प्लग लावतो, सकाळी बॅटरी भरलेली. तुमची टाकी चार मिनिटांत भरते, माझे दहा सेकंद जातात: पाच प्लग लावायला, पाच काढायला. मधलं सगळं मी झोपेत करतो.

आणि हायब्रिडमध्ये वाचतं काय? ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, रेडिएटर, सायलेन्सर आहे तिथेच आहे, वर मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी. दोन्ही घरचे पाहुणे सांभाळायचे. गॅरेजवाल्यांना हायब्रिड आवडली नाही तरच नवल! (हलके घ्या.)

माल तोकडा म्हणाल तर माझ्या गाडीत लोह-फॉस्फेटचे सेल आहेत. निकेल नाही, कोबाल्ट नाही. तेवढ्याच वजनात ऊर्जा जरा कमी मावते, पण तापून पेटण्याची भीती बरीच कमी आणि रोज १०० टक्के भरली तरी कुरकुर नाही.

पावशेर:
"मी झोपेत करतो" हे स्वतःचं पार्किंग असलेल्या माणसाचं वाक्य आहे. मी काय चौथ्या मजल्यावरून वायर सोडू?

बिनआवाजी:
@पावशेर, इथे मी आडवा. ज्याला रात्री गाडी रस्त्याच्या कडेला लावावी लागते त्याला मी "घे" म्हणणार नाही.

प्रामाणिकपणे अजून एक सांगतो. मागच्या लांबच्या प्रवासात थांबलो तिथे चार्जर दोन. एकाचा स्क्रीन काळा. दुसऱ्यावर एक गाडी, ८३ टक्के झालेली, मालक जेवायला गेलेले. ८० च्या पुढे चार्जिंग मुद्दाम हळू होतं. भरलेल्या बसमध्ये शेवटचे दहा जण आत घ्यायला वेळ लागतो तसंच. तो आकडा ८३ चा ९७ होईपर्यंत मी, बायको आणि पोरगा एका झाडाखाली उभे. बायको म्हणाली, "हेच का ते तुमचं भविष्य?" उत्तर अजून दिलेलं नाही.

चौदाचा पाना:
वहिनींना नमस्कार सांगा. माझं अख्खं पुराण त्यांनी एका वाक्यात उरकलं.

हिशेबनीस:
तुम्ही दोघं सोयीवर भांडताय. धुराचंही बघा. कागदावर मांडतो, तेलविहिरीपासून पंपापर्यंतचा खर्च आणि तारांमधली गळती दोन्ही सोडून.

एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी दर किलोमीटरला १५० ग्रॅम सोडते. २३ जाणारी हायब्रिड १०० ग्रॅम. विजेची गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट खाते. सगळी वीज कोळशाची असेल तर युनिटमागे जवळपास एक किलो, म्हणजे पुन्हा १५० ग्रॅम! निव्वळ कोळशाच्या विजेवर हायब्रिड चक्क जिंकते. पाना, खूश?

पण फार वेळ खूश राहू नका. जगाच्या विजेत कोळशाचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास आहे. युनिटमागे ४०० ग्रॅम धरले तर विजेची गाडी ६० ग्रॅमवर येते. आता बॅटरी बनवतानाचा धूर. समजा तो ४ टन. साध्या पेट्रोल गाडीशी तुलना केली तर ४४ हजार किलोमीटरमध्ये फिटतो, हायब्रिडशी केली तर लाखभर किलोमीटर लागतात. एक फरक मात्र मोठा आहे. विकलेली हायब्रिड दहा वर्षांनीही १०० ग्रॅमच सोडणार. विजेची गाडी तीच राहते, पण वीज सुधारली की तिचा आकडा आपोआप खाली येतो.

"या पिढीत नाही" याबद्दल: नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर १० नव्या कारपैकी जवळपास ९ विजेच्या होत्या. अर्थात तिथली वीज बहुतेक पाण्याची, आणि करसवलती १९९० पासूनच्या. त्याच वर्षी सप्टेंबरात रस्त्यावरच्या विजेच्या कारनी पेट्रोल कारना संख्येत मागे टाकलं. डिझेल तरीही सगळ्यांच्या पुढेच होतं. जुन्या गाड्या मरायला वेळ घेतात.

काळा धूर:
तुम्ही लोक गाडी म्हणजे कारच धरून चालता. मी ४० टनी ट्रक चालवतो. टाकीत ४०० लिटर डिझेल, म्हणजे ४००० युनिट. इंजिन त्यातलं ४० टक्के कामाला लावतं असं धरा, १६०० युनिट झाले. पानाभाऊंच्याच हिशेबाने तेवढं काम करणारी बॅटरी १० टनांच्या वर जाते. मग मी माल नेऊ की बॅटरी? शेतातल्या हार्वेस्टरचंही तेच. पीक तयार झालं की दिवसरात्र मशीन थांबत नाही, बांधावर कुठला आलाय चार्जर?

हिशेबनीस:
पण एवढं सगळं एका दमात कशाला हवंय? युरोपात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती कायद्याने सक्तीची आहे. बॅटरी त्या साडेचार तासांपुरती ठेवली तर वजन बरंच खाली येतं. हार्वेस्टरचं मात्र मान्य.

काळा धूर:
साहेब, त्या ४५ मिनिटांत मी पाठ टेकतो. चार्जरच्या रांगेत ट्रक पुढे सरकवत बसलो तर ती विश्रांती कसली?

बिनआवाजी:
ट्रकचं मी बोलत नव्हतो. पण पाना, हायब्रिडचे गोडवे गाताना प्लग-इन हायब्रिड, म्हणजे जिची मोठी बॅटरी प्लग लावून चार्ज करायची असते ती, सोयीस्कर विसरलात. युरोपियन आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांचे आकडे दिले, तेव्हा प्लग-इनचा धूर कागदावरच्या साडेतीनपट निघाला. का? लोक चार्जच करत नाहीत.

चौदाचा पाना:
मी साध्या हायब्रिडबद्दल बोलत होतो, पण हा टोला मान्य. एक गिऱ्हाईक तीन वर्षांची प्लग-इन घेऊन आलं होतं, तक्रार एकच, "अॅव्हरेज देत नाही." डिकी उघडली. चार्जिंगची केबल कंपनीच्या पिशवीत, पिशवीचं सील शाबूत. ४०० किलोची नसली तरी चांगली जड बॅटरी तीन वर्षं नुसती फिरवत होता बिचारा.

हिशेबनीस:
अवांतर: हे भांडण १२० वर्षं जुनं आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग मोटारीने पहिल्यांदा ओलांडला १८९९ मध्ये, आणि ती मोटार विजेची होती. मग १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये सेल्फ-स्टार्टर आला, हँडल मारताना मनगट मोडायचं भय गेलं आणि पेट्रोलचं फावलं. तो स्टार्टर म्हणजे तरी काय, विजेची मोटरच! पेट्रोलला विजेनेच जिंकवलं.

पावशेर:
इतिहास झाला, भूगोल झाला, गणितही झालं. चौथ्या मजल्यावरच्या माणसाने घ्यायचं काय ते कोणीच सांगितलं नाही.

चौदाचा पाना:
हातातली कितीची आहे?

पावशेर:
नऊ वर्षांची, पेट्रोल. व्यवस्थित चालते. महिन्याला जेमतेम ३०० किलोमीटर.

चौदाचा पाना:
मग काही घेऊ नका. एअर फिल्टर बदला आणि टायरमधली हवा बघून घ्या, कमी असणार.