चिल्लर आपोआप वाचवणारी अ‍ॅप्स घ्यावीत का?

रामबागवाली
घरात यावरून चांगलंच वाजलंय म्हणून विचारतेय. मुलीने अ‍ॅप घेतलंय, यूपीआयने ४३ रुपये दिले की ते ५० धरतं आणि वरचे ७ डिजिटल सोन्यात टाकतं, म्हणजे ऑनलाइन घ्यायचं, कंपनीकडेच राहणारं सोनं. तिचे बाबा म्हणतात बंद कर. मी म्हणते राहू दे, पहिली नोकरी आहे, पगार कुठे जातो तिलाच कळत नाही, छप्पन दुकानला (आमची इंदूरची खाऊगल्ली) दोन चकरा झाल्या की संपला, मग असे का होईना पैसे बाजूला पडतायत ना?

सुदामानगर२
ताई, बाबांचं बरोबर आहे. डिजिटल सोन्यावर घेतानाच ३ टक्के जीएसटी, म्हणजे १०० टाकले की सोनं ९७ चंच येतं. वर खरेदीचा भाव वेगळा, विक्रीचा वेगळा, विकताना परत कात्री. अ‍ॅपमध्ये दोन्ही भाव शेजारी ठेवून बघा. ७ रुपयांत तर एक मिलिग्रॅमसुद्धा सोनं येत नाही हो! पोस्टात आरडी, म्हणजे दरमहा ठरलेले पैसे भरायची ठेव, महिना १०० पासून होते, तिथे कोणी काही कापत नाही.

रामबागवाली
अहो पण सराफ्यात दागिना घेतला तरी ३ टक्के लागतातच, वर घडणावळ, तेव्हा कोणी हिशोब मांडत नाही. आणि पोस्टाची आरडी पाच वर्षांची, तीन वर्षं होईपर्यंत मोडता येत नाही. बावीस वर्षांची मुलगी ती काढायला पोस्टात जाणारच नाही.

भंवरकुआ_रूम
काकू, मी पण वापरायचो, बंद केलं. रोज दहा पेमेंट होतात, चहा पोहे ऑटो सगळं यूपीआयनेच, सरासरी ५ रुपये धरले तरी दिवसाला ५० म्हणजे महिन्याला १५००. रूमवर राहणाऱ्याला ही चिल्लर नाही. महिनाअखेर खातं मिनिमम बॅलन्सच्या खाली गेलं की बँकेने दंड लावला, मग वाचलं काय?

राजवाडा_रोज
मला तर वेगळीच भीती वाटते. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की डिजिटल सोनं आपल्या देखरेखीखाली येत नाही, उद्या कंपनी बुडाली तर सेबीकडे दाद मागता येणार नाही. सोनंच हवं असेल तर गोल्ड ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घ्यायचा सोन्याचा फंड) घ्या नाहीतर गोल्ड म्युच्युअल फंडात एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम, लावा, फंडाला डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) पण लागत नाही आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआपच कापलं जातं, मग चिल्लरचा खटाटोप कशाला?

रामबागवाली
हे सेबीचं माहीत नव्हतं, हा मुद्दा पटला. पण एसआयपीत एकदम ५०० गेलेले तिला दिसतात आणि ती पुढच्या महिन्यात थांबवते, हे मी बघितलंय. ७ रुपये गेलेले दिसतच नाहीत, म्हणून टिकतंय.

सुदामानगर२
दिसत नाहीत हीच तर अडचण आहे ताई! आपले पैसे कुठे चाललेत हे कमावत्या मुलीला दिसायलाच पाहिजे. आणि बंद करायचं ठरलं तर नुसतं अ‍ॅप डिलीट करू नका, कापणं चालूच राहतं. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे आहे, तिथे जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप कापायला दिलेली परवानगी, रद्द करायचं.

रामबागवाली
रद्द नाही करणार. रोजची मर्यादा लावता येते का बघते, आणि जमलेलं सोनं थोडं झालं की विकून फंडात टाक म्हणून सांगते. तिच्या बाबांना हेही पटणार नाही, पण पैसे तिचे आहेत.