पोकरच्या लहान टेबलावर हरलेला दिवस : पैसा नेमका कुठे गळतो? (अनुभव धागा)

पोळ्याला गावोगावी पत्ते निघतात, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. कापसाचा चुकारा हाती आला की दोघं-चौघं मिळून गोव्याला जाणारेही आहेत. तिथं मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकरच्या सर्वांत लहान टेबलावर बसायचं, आणि परत येताना तोंडी एकच वाक्य : "पत्तेच नाही आले." ते वाक्य कितपत खरं आहे, हे तपासायला हा धागा काढला आहे.

कोण किती हरलं, सोबत कोण होतं, घरी काय झालं, ते इथं नको. दिवसाचा पैसा कुठं गळतो, किती गळतो आणि का, तेवढं आकड्यांनिशी लिहा. सगळ्यांचा हिशेब एकाच मापात यावा म्हणून ब्लाइंड (डावाआधी दोघांनी घालायची सक्तीची रक्कम) 50-100 रुपये आणि बैठक (बसताना घ्यायच्या चिप्स) 10,000 रुपये धरू. बोलणं फक्त परवान्याच्या टेबलाचं. गावातला पैशाचा डाव 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात सापडतो आणि मोबाइलवरचा पैशाचा पोकर 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंद केला आहे.

गणिताचा मास्तर, अचलपूर

तीनपत्तीवर तयार झालेला हात पोकरमध्ये पहिल्याच तासाला मार खातो. दोष पत्त्यांचा नसतो, मोजमापाचा असतो.

तीनपत्तीत तीन पानं. त्यात 100 पैकी 74 वेळा नुसतं मोठं पान असतं, जोडी येते 17 वेळा. म्हणून जोडी दिसली की माणूस चाल वाढवतो, आणि तिथं ते बरोबरही असतं. पोकरमध्ये हातातली दोन आणि मधे सगळ्यांसाठी मांडलेली पाच (आधी एकदम तीन, तो फ्लॉप; मग चौथं, तो टर्न; मग शेवटचं), अशा सात पानांतून चांगली पाच निवडायची. शेवटच्या पानापर्यंत थांबलं तर काहीच न जुळण्याची शक्यता 17 टक्के, एक जोडी 44 टक्के, दोन जोड्या साधारण साडेतेवीस टक्के. म्हणजे तिकडे दुर्मीळ असलेली जोडी इकडे सर्वांत जास्त वेळा दिसणारी गोष्ट आहे. हातातल्या एक्क्याला फ्लॉपवर एक्का जुळला, म्हणून तिन्ही फेऱ्यांत डोळे झाकून पैसे घालत जायचं, ही सवय तीनपत्तीची. त्यातही सोबतचं पान सत्ती-अठ्ठी असेल तर समोर एक्का-राणीवाला बसलेला असू शकतो. जोडी दोघांचीही एक्क्याचीच, पण सोबतचं पान मोठं म्हणून तो जिंकतो. लहान टेबलावरचे मोठे तोटे बहुतेक याच डावात होतात.

आणखी एक. तीनपत्तीत सिक्वेन्स (ओळीची पानं) कलरपेक्षा (एकाच चिन्हाची पानं) मोठा, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सपेक्षा मोठा. यात कोणाची मनमानी नाही. तीन पानांत सिक्वेन्स 720 प्रकारे बनतो आणि कलर 1,096 प्रकारे. पाच पानांत सिक्वेन्स 10,200 प्रकारे बनतो, कलर फक्त 5,108. जे कमी बनतं ते मोठं. हे डोक्यात बसलं की पाठ करावं लागत नाही. मधे एकाच रंगाची तीन पानं पडली असतील तर आपल्या सिक्वेन्सवर शेवटी मोठा पैसा लावण्याआधी त्या तीन पानांकडे पुन्हा एकदा बघा.

संत्रावाला, वरुड

मास्तरांच्या बोलण्यात एक भर. 'ब्लाइंड' या शब्दाने फार घोळ होतो. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं, आणि बघून खेळणाऱ्याला दुप्पट भरावं लागतं, म्हणून त्यात फायदा असतो. पोकरचा ब्लाइंड म्हणजे डीलरच्या खुणेच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते येण्याआधी घालायची सक्तीची रक्कम. त्यात फायदा काहीच नाही. "माझे 100 आधीच आत आहेत" म्हणून पंजी-नश्शी घेऊन समोरच्याचा रेज (वाढवलेली रक्कम) कॉल करत, म्हणजे तितकेच पैसे भरत राहिलं की 100 वाचवायला 400 जातात.

अडत्या, मूर्तिजापूर

बाप्पा, पयले नाल पहा. आपल्याकडे ज्याच्या घरी पत्ते बसते तो नाल, म्हंजे जागेचा वाटा, काढते. तिथं तिले रेक म्हणते. फरक एवढाच का नाल डोळ्यापुढं निघते, अन् रेक निघते तेव्हा आपलं ध्यान पत्त्यावर रायते. डीलर पॉटातून (मधे जमलेल्या पैशातून) एक-दोन चिप्स बाजूले ओढते अन् टेबलाच्या फटीत टाकते. झालं.

आता मांडा. टक्का किती अन् वरची मर्यादा किती, हे जागेजागेवर वेगळं असते, म्हणून बसायच्या आधी विचारून घ्या. समजा एका डावामागं सरासरी 200 रुपये कापले. तासाले 27 डाव होते. म्हणजे 5,400 रुपये तासाले टेबलावरून उठले. नऊ जण बसले असन तर माणशी 600. आठ तासाचे 4,800. कोणी कोणाले हरवलं नाही, सारे बरोबरीनं खेळले, तरी 10,000 घेऊन बसलेला माणूस सांजेले 5,200 वर येते. डीलरले टिप देली ते वेगळी. मंडीत हमाली-तोलाई वजा केल्याबिगर कोणी कापसाचा भाव सांगत नाही, मंग इथं काहून सोडता?

अन् रेक पॉटातून जाते, तर लहान लहान पॉट लढून जिंकण्यात काही दम नाही. ते जिंकलेले पैसे अर्धे नालीतच जाते.

मुनीम, जिनिंग, हिंगणघाट

भाऊंनी रेक सांगितला, त्याच्या आधीची कपात राहिली. कॅसिनोत चिप्स घेताना जी रक्कम भरतो त्यावर 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के जीएसटी होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. काउंटरवर एकच प्रश्न विचारा : "10,000 दिले तर हातात किती चिप्स?" कर त्यातच धरला असेल तर उत्तर 7,143 येतं. कोणत्या टेबलावर हा कर कसा लावतात ते तिथंच कळेल, पण पावती घ्या.

जिंकलं तरी हिशेब संपत नाही. पत्त्यांच्या जिंकलेल्या पैशावर सरळ 30 टक्के आयकर, उपकर धरून 31.2. हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. शनिवारी 20,000 हरले आणि रविवारी 20,000 जिंकले, तर घरचा हिशेब शून्य, पण आयकराच्या लेखी 20,000 ची कमाई.

धागाकर्ता

मुनीमजी, धन्यवाद, हे कोणी मांडत नाही. आता पत्त्यांच्या नशिबाबद्दल कोणी लिहील का? चांगला खेळूनही दिवस हरतो, ते किती वेळा?

संख्याशास्त्र शिकवतो, वरोरा

लिहितो. धरा, खेळाडू खरोखर चांगला आहे आणि रेक जाऊन तासाला सरासरी 500 कमावतो. आठ तासांत 216 डाव, सरासरी 4,000 चा फायदा. पण याच आठ तासांत वर-खाली होण्याचा आवाका 13,000 च्या आसपास असतो. 4,000 चा फायदा त्यात बुडून जातो. गणित केलं तर असा खेळाडू 100 पैकी 38-40 दिवस हरून उठतो. सलग तीन दिवस हरण्याची शक्यता 6 टक्के, म्हणजे अगदीच असाधारण नाही. मी 'खरोखर चांगला' म्हणालो, हे लक्षात ठेवा. वर्षातून दोनदा खेळणारा त्यात बसत नाही. त्याची सरासरीच उणे असते.

पत्त्यांची बाराखडी, पुसद

सरांना विचारायचं आहे. दोन एक्के हातात असूनही एवढे का हरतात?

संख्याशास्त्र शिकवतो, वरोरा

ताई, समोर किती जण आहेत त्यावर आहे. दोन एक्के 221 डावांत एकदा येतात, म्हणजे आठ तासांत जेमतेम एकदा. समोर एकच जण, काहीही पत्ते घेऊन, तर एक्के 85 टक्के वेळा जिंकतात. दोघं असतील तर 73, तिघं तर 64, चौघं तर 56. लहान टेबलावर कोणी पत्ते टाकत नाही, चार-पाच जण 100 भरून आत येतात. तिथं 200 चा रेज केला तर सगळे राहतात आणि आपले एक्के जवळजवळ निम्म्या वेळा फुटतात. रेज 400 चा, आणि आधी आत आलेल्या प्रत्येकामागे आणखी 100. तिघं आत असतील तर 700. मग एक-दोघंच उरतात.

पत्त्यांची बाराखडी, पुसद

समजलं, सर. आता मला नीट माहीत असलेली एक जागा लिहिते, कारण रडारड तिथंच जास्त ऐकू येते. कलरची वाट बघणं.

हातात बदामाचा बादशहा-दश्शी, टर्नपर्यंत मधे बदामाची दोन पानं. न दिसलेली पानं 46, त्यांत बदामाची 9. शेवटच्या पानावर कलर लागण्याची शक्यता 19.6 टक्के. पॉटमध्ये 3,000 आहेत, समोरच्याने 3,000 लावले. आपण 3,000 भरून 6,000 साठी खेळतो, म्हणजे निदान 33 टक्के वेळा जिंकायला हवं. 46 वेळा हाच डाव खेळा : 9 वेळा 6,000 मिळाले, एकूण 54,000. 37 वेळा 3,000 गेले, एकूण 1,11,000. उणे 57,000. प्रत्येक कॉलमागे 1,239 रुपयांचा तोटा, आणि तो कलर लागला त्या दिवशीही झालेलाच असतो. त्याच पॉटवर समोरच्याने 600 लावले असते तर गोष्ट वेगळी : 600 भरून 3,600, म्हणजे 14 टक्के पुरे. मग जरूर भरा.

फ्लॉपवर लोक "35 टक्के आहे" म्हणतात ते दोन पानं मिळून. दुसऱ्या पानासाठी पुन्हा पैसे भरावे लागतात, ते विसरतात.

डीलरकाम येतं, गोंदिया

टेबलाच्या रीतीतून जाणारा पैसा. घरच्या डावात या चुका चालून जातात, तिथं चालत नाहीत.

तोंडातून "कॉल" निघाला की तो कॉल, नंतर पत्ते टाकले तरी पैसे द्यावे लागतात. काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली तर तो कॉल धरतात, रेज नाही. म्हणून आधी रक्कम बोला, मग चिप ठेवा. चिप्स दोन हप्त्यांत सरकवल्या तर पहिला हप्ताच मोजतात.

सर्वांत वाईट चूक शेवटी होते. पॉट आपल्याकडे सरकवला जाईपर्यंत पत्ते हातातून सोडू नका. समोरचा "दोन जोड्या" म्हणाला म्हणून आपले पत्ते उलटे फेकले, आणि त्याने वाचण्यात चूक केली असेल, तर टाकलेल्या ढिगात गेलेला हात मेला. दोन्ही पानं सुलटी मांडा, डीलर वाचेल. आपली पाळी येईपर्यंत पत्त्यांवर एक चिप ठेवा, नाहीतर शेजाऱ्याच्या टाकलेल्या पानांसोबत तेही ओढले जातात.

आशाताई, उमरखेड

पत्त्यांचं मला कळत नाही, गावातली घरं कळतात. पेरणीचा पैसा, पीककर्जाची उचल, बचत गटाचा हप्ता यांतून बैठक भरली असेल तर वरचं कोणतंही गणित कामाचं नाही. हरलेलं भरून काढायला उसने घेणं, घरी रक्कम लपवणं, झोप जाणं, ही खूण दिसली तर 14416 लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरच्यांनी लावला तरी चालतो.

अडत्या, मूर्तिजापूर

ताई बरोबर बोलल्या. एक ध्यानात ठेवा, दुसरी बैठक घ्यायचे पैसे खिशात नेऊच नका. अन् एटीएम कार्ड खोलीवर ठेवा.

गणिताचा मास्तर, अचलपूर

शेवटचं, हिशेबाची एक वही ठेवा. दर तासाला एकच ओळ, पाच रकाने : वेळ, आपल्यापुढे उरलेल्या चिप्स, ब्लाइंडमध्ये गेले, सर्वांत मोठा हरलेला पॉट, आणि त्या पॉटमध्ये शेवटचा पैसा घातला तेव्हा पुढे कोण होतं. पाचव्या रकान्यात "मी" लिहिलं असेल आणि शेवटच्या पानाने डाव उलटला, तर ते पत्त्यांचं नशीब. "तो" लिहिलं असेल तर पुसदच्या ताईंचं गणित तिथंच मांडून बघा. ब्लाइंडचा रकाना तासाला 450 च्या आसपास हवा. नऊ जणांत 27 डाव म्हणजे तीन फेऱ्या, फेरीला 150. ही वही टेबलावर काढू नका, चहाला उठाल तेव्हा लिहा.