'माजी खलनायक' म्हणणे कितपत योग्य?

प्रश्नकर्ता : मी एका अद्भुतरम्य कादंबरीमालेचा अनुवाद करीत आहे. तिच्यातील तिन्ही प्रमुख पात्रे, म्हणजे एक चेटकीण, एक पदच्युत राजा आणि एक भाडोत्री मारेकरी, यांनी दुष्कर्मांचा मार्ग सोडल्यानंतर कथेला सुरुवात होते. मलपृष्ठासाठी मी 'या मालेचे नायक म्हणजे माजी खलनायक' असे लिहिले. संपादकांच्या मते 'माजी'मुळे ही मंडळी निवृत्तिवेतन घेणारी वाटतात. शिवाय 'नायक' दोनदा येतो, तो मलाही खटकतो. पर्याय सुचवावा.

पहिला वाचक : शेरा रास्त आहे. माजी आमदार असतो, माजी सैनिक असतो. खलत्व हे पद नसून वृत्ती आहे. 'पूर्वाश्रमीचे खलनायक' म्हणावे. एक जगणे टाकून दुसरे पत्करल्याची छटा त्यात आहे. (ज्याला माज आहे तो 'माजी', अशी माझी लहानपणी समजूत होती. या पात्रांना ती शोभली असती!)

दुसरा वाचक : 'माजी' अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला, माजाशी त्याचे नाते नाही. 'पूर्वाश्रमीचा' मात्र संन्याशालाच शोभतो. मारेकऱ्याला भगवी वस्त्रे कशाला? मुळात 'खलनायक' हाच शब्द ढोबळ आहे. 'प्रतिनायक' हा जुना शास्त्रीय शब्द वापरावा, म्हणजे विरोध तेवढा सूचित होतो, निंदा होत नाही.

तिसरा वाचक : निंदा होत नाही, हे कशावरून? धनंजयाच्या १०व्या शतकातील 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरील ग्रंथात प्रतिनायकाचे वर्णन लोभी, धीरोद्धत, ताठर, पाप करणारा आणि व्यसनी शत्रू असे आहे. शास्त्राचा आधार घ्यायचा तर पुरता घ्यावा. माझे विचाराल तर सरळ 'व्हिलन' लिहावे. बोलताना आपण सगळे तेच म्हणतो.

दुसरा वाचक : बोलताना म्हणतो ते सगळेच छापायचे ठरले, तर अनुवाद तरी कशासाठी करायचा?

चौथा वाचक : गंमत अशी की 'व्हिलन'चे मूळ लॅटिनमध्ये शेतवाडीवर राबणाऱ्या माणसात आहे, आणि संस्कृत 'खल' म्हणजे धान्य मळण्याची जागा, आपले खळे. दोन्ही भाषांनी शेतातल्या माणसालाच दुष्ट ठरवले, असे माझे अनुमान आहे.

तिसरा वाचक : अनुमान आकर्षक आहे, पण पटत नाही. संस्कृतात 'खल' या एकाच रूपाला खळे आणि दुष्ट असे दोन्ही अर्थ आहेत, एवढ्यावरून एकातून दुसरा निघाला असे सिद्ध होत नाही.

पाचवा वाचक : पसायदान कोणालाच कसे आठवले नाही? 'जे खळांची व्यंकटी सांडो' या मागण्यात खळ नाहीसे व्हावेत असे म्हटलेले नाही. त्यांचा वाकडेपणा तेवढा गळून पडावा, एवढीच इच्छा आहे. या मालेचे सूत्र १२९० सालच्या मराठीत तयार असताना 'माजी' आणि 'पूर्वाश्रमीचे' यांत कशाला अडकायचे? 'व्यंकटी सांडलेले खळ' असे लिहावे.

पहिला वाचक : शब्दयोजना सुरेख आहे, परंतु मलपृष्ठ वाचणाऱ्याला 'व्यंकटी' हे चेटकिणीचे नाव वाटेल.

प्रश्नकर्ता : सर्वांचा आभारी आहे. एक अडचण सांगायची राहिली : तिसऱ्या भागात राजा पुन्हा जुन्या वाटेला लागतो. म्हणजे माजीचा आजी झाला. आता मलपृष्ठावर काय लिहावे?

चौथा वाचक : ते नंतर पाहू. खळ्याचा मुद्दा अजून निकालात निघालेला नाही.