लॅपटॉपचं वायफाय रुसलं तेव्हा : गावाकडचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करतो. गाव दारव्हा तालुक्यात. सोयाबीन निघायच्या दिवसांत लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर टाकलाय. तरी लाइन गेली की लॅपटॉपचं वायफाय दोन-तीन मिनिटांत तुटायचं. महिनाभर केबलवाल्या पोराला शिव्या घातल्या. शेवटी बायको म्हणाली, "मोबाइलवर तर चालून रायलं. मंग त्या पोराचा काय दोष?"

खरंच की. चार्जरची वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जायचा आणि बॅटरी वाचवायला वायफाय कार्डाची मान आवळायचा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अ‍ॅडॉप्टरच्या (म्हणजे त्याच वायफाय कार्डाच्या) खाली 'ऑन बॅटरी'समोर मॅक्सिमम परफॉर्मन्स केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर राइट क्लिक करून पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिकही काढली. काही नव्या लॅपटॉपांत हा टॅब दिसत नाही, तिथं शोधत बसू नका.

आता तुमचं सांगा. फसलेले उपायही लिहा.

हिंगणघाटकडून

मी जिनिंगात हिशेब लिहितो. हंगामात टेबलावर रुई, कपाळावर रुई, चहातसुद्धा रुई. लॅपटॉपच्या पंख्यात इतकी गेली की तो तव्यासारखा तापायचा. दुकानात देऊन साफ करून आणला. पंखा झकास, पण वायफायची एकच काडी, तीही राउटरला खेटून बसलं तर. परत नेला. "कार्ड गेलं जी, दीड हजार लागतील." उद्या सांगतो म्हणालो आणि घरी आलो.

भाचा आयटीआयला आहे. त्यानं मागचं झाकण उघडलं आणि आधी बॅटरीचा कनेक्टर काढला (हे विसरू नका). कार्ड म्हणजे बिस्किटाच्या तुकड्याएवढी पट्टी. तिच्यावर ज्वारीच्या दाण्याहून लहान अशा दोन गोल टिकल्या, एकीवर काळी वायर बसते, दुसरीवर पांढरी. याच अँटेनाच्या वायरी, बिजागरीतून वर स्क्रीनच्या कडेला जातात. आमची काळी निसटून झाकणाखाली चेपली होती आणि पांढरी नुसती टेकलेली. त्यानं दोन्ही टिकल्यांवर सरळ धरून बोटानं दाबल्या. बारीकसा 'टक' आवाज आला की समजायचं बसली. तिरपी दाबली तर टिकलीच तुटते. लावून पाहिलं, सगळ्या काड्या भरल्या. म्हणजे ज्यानं वायर सोडली त्यालाच मी कार्डाचे दीड हजार देणार होतो.

मूल तालुका, सेवा केंद्र चालवते

माझी गंमत वेगळी. वायफाय 'कनेक्टेड' दाखवायचं, पण एक साइट उघडेल तर शपथ. प्रत्येक ठिकाणी 'सुरक्षित नाही' असा इशारा. पीकविम्याचे दिवस, बाहेर सातबारा घेऊन रांग, एक आजोबा दर पाच मिनिटांनी "झालं का माय?" विचारायचे. राउटर चारदा बंद-चालू केला, पासवर्ड पुन्हा टाकला, काही नाही. मग सहज कोपऱ्यात तारीख पाहिली तर २०१३! जुना लॅपटॉप, आतला बटण सेल संपलेला आणि मोठी बॅटरीही रात्री उतरली होती. साइटचं सर्टिफिकेट (ती खरी असल्याचा दाखला) आजच्या तारखेचं आणि आमचं यंत्र मागच्या जमान्यात, मग ते विश्वास कशाला ठेवेल? तारीख-वेळ हातानं बदलली आणि कामं सुरू. सेल नंतर बदलला, सीआर २०३२ नावाचा.

मेहकर

राउटरची दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी ५जी. बाबांना वाटायचं ते जास्त पॉवरचं. ते मोबाइलचं फाइव्ह जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ आहे. खोलीत पळतं, पण दोन भिंतींपलीकडे ढेपाळतं. आमचा लॅपटॉप गोठ्याशेजारच्या टिनाच्या खोलीत, तिथं २.४ वालंच थोडंफार पोचतं. पोरीच्या जुन्या लॅपटॉपला तर ५जीवालं नाव दिसतच नाही, कारण त्याचं कार्ड फक्त २.४ चं. आम्ही उगाच त्याला फॉरमॅट मारला.

तिवसा

फॉरमॅटवरून आठवलं. विंडोज नवीन टाकलं आणि वायफायचं चिन्हच गायब. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवायला नेट पाहिजे आणि नेटला ड्रायव्हर! मोबाइल चार्जिंगच्या वायरनं जोडून यूएसबी टेथरिंग (मोबाइलचं नेट वायरीतून लॅपटॉपला देणं) चालू केलं, लॅपटॉपखालचा मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, ड्रायव्हर घेतला. वायर मात्र डेटाची हवी. माझी पहिली फक्त चार्जिंगचीच निघाली, अर्धा तास तिच्यावर गेला.

सिंदेवाही

भाऊ, माझ्या लॅपटॉपवर 'नो इंटरनेट' येतं. आयपी पत्ता (नेटवर्कमधला लॅपटॉपचा नंबर) १६९.२५४ नं सुरू होतो. मोबाइल त्याच वायफायवर चालतो. काय करू?

दारव्हा

१६९.२५४ म्हणजे राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, लॅपटॉपनं आपल्या मनानं एक घेतला. नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडून पाहा. आयपी सेटिंग 'ऑटोमॅटिक'वर आहे ना तेही बघा. एवढ्यानं नाही झालं तर राउटर बंद करून चालू करा. काय झालं ते इथंच लिहा, लाइन असली तर रात्री पाहतो.