अनुभव धागा : जुन्या एमटीबीला शॉकअपचा चिमटा

नव्वदच्या दशकातल्या, पुढेमागे कुठेच शॉकअप नसलेल्या एमटीबी (डोंगरवाटांच्या सायकली) सोलापुरात अजून कितीतरी जिन्यांखाली उभ्या आहेत. फ्रेम ठणठणीत, चाकं 26 इंची. हिप्परग्याच्या बाजूला किंवा नान्नजच्या माळाकडे गेलं की मनगटं भरून येतात आणि वाटतं, पुढे शॉकअप हवा, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा दबणारा हवा. ज्यांनी बसवलाय त्यांनी सविस्तर लिहा. ‘मस्त झाली’ एवढ्यावर सोडू नका.

होटगीरोड
माझी फ्रेम क्रोमोलीची (मिश्र पोलादाची), शॉकअपचा विचार न करता बनवलेली. म्हणून आधी जुन्या चिमट्याची उंची मोजली : एक्सलच्या मध्यापासून वर बेअरिंगची खालची वाटी टेकते तिथपर्यंत. 410 मिमी भरली. 100 मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, चिमटा 470 च्या आसपास असतो, म्हणजे पुढचं टोक 6 सेंमी वर! दर 2 सेंमीला फ्रेमच्या पुढच्या नळीचा कोन साधारण एक अंश मागे कलतो. तीन अंश गेले की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हळू चालवताना हँडल आपणहून एका बाजूला पडतं. फ्रेमच्या पुढच्या जोडावर ताण येतो तो वेगळाच. मी 80 मिमीचा घेतला. आपण बसलो की तो दीडेक सेंमी दबतो, त्यामुळे खरा फरक दोन-अडीच सेंमीच राहिला. तुळजापूरच्या घाटात सायकल पूर्वीसारखीच सरळ चढते, आणि उतरताना बोटांना मुंग्या येत नाहीत. मला यापेक्षा जास्त काही नकोच होतं.

बाळीवेस
उंचीइतकीच चिमट्याची वरची, फ्रेममध्ये जाणारी नळी बघा. जुन्या चिमट्याच्या नळीला वर आटे असतात आणि हँडलचा दांडा आत उतरतो. आताच्या चिमट्याला आटे नसतात, दांडा बाहेरून आवळतात. म्हणजे हेडसेट (चिमटा ज्यावर फिरतो ती बेअरिंग) आणि दांडा दोन्ही बदलायचे. फ्रेम 1-1/8 इंची नळीच्या मापाची असेल तर जमतं. 1 इंची असेल तर नवीन चिमटा मिळणं फार अवघड. वापरलेला घेताना नळी आधी कुणी कापून आखूड केलेली नाही ना, हे टेप लावूनच बघा. मला एका दुकानात तसलाच दाखवला होता, दांडा आवळायला जागाच उरत नव्हती. आणि व्ही-ब्रेकचे (रिमला घासणाऱ्या ब्रेकचे) खुंट आहेत का तेही पाहा. बरेच चिमटे फक्त डिस्क ब्रेकचे येतात, मग पुढचं हबसुद्धा बदलावं लागतं.

सातरस्ता
वेगळं मत मांडतो. मी चिमटा घेतला नाही. स्प्रिंगचे स्वस्त चिमटे अडीच किलोच्या घरात जातात, जुना लोखंडी साधारण एक किलोचा. एवढं वजन वाढवून ती स्प्रिंग नीट हलतही नाही. त्याऐवजी 2.1 इंची टायर टाकले आणि हवा कमी ठेवली. खडीच्या रस्त्यावर पुष्कळ फरक पडला. आधी हे करून बघा, मग पैसे घाला.

होटगीरोड
सातरस्ता काका, टायरचं शंभर टक्के खरं. पण सुकलेल्या चाकोरीत, बैलगाडीच्या चाकांनी कडक झालेल्या खाचांवर, टायर पुरत नाही हो.

कुंभारी
आमच्याकडे काळी माती. पाऊस झाला की ती चिमट्याच्या कमानीत आणि ब्रेकमध्ये अशी बसते की चाक फिरेना. तेव्हा सायकल बाहेर काढतच नाही, ओली चिखलवाट तुडवून शॉकअपचे सील (नळ्यांभोवतीच्या रबरी कड्या) घालवण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात धूळ. घरी आलो की दोन्ही चकचकीत नळ्या मऊ फडक्याने पुसायच्या, मग चिमटा चार-सहा वेळा दाबायचा. सीलच्या कडेला काळी रिंग उमटते, ती पुन्हा पुसायची. पाण्याचा फवारा सीलवर कधीच मारू नका. एवढं केलं तर साधा चिमटाही टिकतोय बघा.

बाळीवेस
आणि जुना चिमटा भंगारात देऊ नका. नव्याचे सील गेले की पार्ट येईपर्यंत तोच लावून सायकल चालू राहते. फक्त जुना हेडसेट, त्याचे छर्रे आणि दांडा पिशवीत घालून त्यालाच बांधून ठेवा.