मदत हवी आहे: घरच्या कार्यक्रमात मंद सुवास कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी संध्याकाळी मामंजींची पंच्याहत्तरी घरीच करतोय, कोल्हापुरात मंगळवार पेठेत. ४० माणसं येणार. जेवण अर्थातच तांबडा-पांढरा आणि सुकं मटण, तेही घरीच शिजणार. अडचण इथंच आहे. सकाळपासून मसाला भाजला, रश्शाला कट आणला की तो वास पडद्यांत, गाद्यांत बसतो. जेवायला बसल्यावर तो हवाहवासा वाटतो, पण दारातून आत येणाऱ्याला आधी फुलांचा वास यावा असं मला फार वाटतं. माझ्या आजोळी पाहुण्यांना दारातच गुलाबपाणी शिंपडून अत्तर लावायचे, ते अजून आठवतं.

डोक्यात असं आहे: उंबऱ्याजवळ पितळेच्या घंगाळात पाणी आणि मोगरा, कोपऱ्यात निशिगंध (तो रात्री जास्त दरवळतो), पिण्याच्या माठात वाळा. फुलं महाद्वार रोडवरून आणेन. जेवणाच्या पंगतीजवळ मात्र काहीच सुगंधी नको, रश्शाची चव जाते.

पण आत्तींना (सासूबाईंना) दमा आहे. उदबत्ती, धूप, स्प्रे काहीच चालत नाही, धुरानं लगेच ढास लागते. निशिगंधाचा उग्र वास तरी त्यांना सोसेल का? दमेकरी घरात असलेल्यांनी अनुभव सांगा. आणि मोगऱ्याच्या कळ्या दुपारी आणल्या तर संध्याकाळी ७ पर्यंत उमलतील ना, की ओल्या फडक्यात ठेवाव्यात? मटणाचा वास पडद्यांतून काढायला काय करता, तेही कळवा. शनिवारपर्यंत सांगितलंत तर फार बरं होईल.