'थांबा', 'विश्रांती' की 'दम घ्या'? व्यायामाच्या ॲपसाठी शब्द हवा आहे

गोदाकाठ
घरी व्यायाम करून घेणाऱ्या एका ॲपचं मराठी रूप करतेय, पडद्यावरचे शब्द आणि बोलणारा आवाज दोन्ही. गाडी अडलीये पॉज, रेस्ट आणि स्टॉपवर. पॉज म्हणजे दारावर कुणी आलं, घड्याळ अडवून ठेवायचं. रेस्ट म्हणजे घड्याळ चालूच, पण तुम्ही काही करायचं नाही. स्टॉप म्हणजे आजचा व्यायाम गुंडाळायचा. मराठीत तिन्हीला 'थांबा' चालतं आणि तीच पंचाईत आहे. गंगापूर रोडला राहणाऱ्या मावशीला करून बघायला दिलं. बैठका झाल्या, आवाज म्हणाला 'थांबा', आणि तिने फोन उचलून ॲप बंदच केलं. वर मलाच म्हणाली, "त्यानंच सांगितलं ना!"

'विश्रांती' अर्थाने बरोबर आहे, पण लांब पडतो. 2013 साली गाजलेला सात मिनिटांचा व्यायाम घ्या: बारा प्रकार, प्रत्येकी 30 सेकंद, मध्ये फक्त 10 सेकंद मोकळे. तेवढ्यात विसावा सांगायचा, पुढचा प्रकार सांगायचा, उभं कसं राहायचं तेही सांगायचं. 'आता विश्रांती घ्या, पुढील व्यायामप्रकार' एवढं म्हणेपर्यंत निम्मा वेळ संपतो.

तालीमवाला
ताई, शब्द तयार आहे: दम घ्या. जोर मारून पोरगं धापा टाकायला लागलं की उस्ताद 'दम खा रे' म्हणतो. 'विश्रांती घे' म्हणणारा उस्ताद मी तरी पाहिला नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना मध्येच कठड्याला टेकून आपण काय म्हणतो? 'जरा दम घेऊ.' त्यात परत चढायचंय हे गृहीतच असतं. 'विश्रांती'त ते नाही, ती डॉक्टर सांगतात आणि माणूस आडवा होतो.

फक्त 'दम खा' नको. 'जरा दम खा, आलोच' म्हणजे धीर धर, असाही अर्थ होतो.

सिडकोवाली
पटलं, पण 'दम' जपून वापरा. मूळ फारसी शब्द, अर्थ श्वास. मराठीत येऊन त्याने इतका संसार थाटला की विचारू नका: दम लागतो, दम निघतो, दम भरतात, दम देतात (तो वेगळाच), वर दमा आहेच. माझी हरकत 'दम धरा'ला आहे. प्लँकसाठी एका भाषांतरात हे पाहिलं. लिहिणाऱ्याच्या मनात 'तसेच टिकून राहा' होतं, वाचणारा श्वास रोखून धरतो. अंग ताठ असताना श्वास कोंडला की रक्तदाब चढतो, बीपीवाल्यांना तर तेच टाळायला सांगतात. तिथे सरळ 'तसेच राहा, श्वास चालू द्या' म्हणा. दोन शब्द जास्त गेले तर गेले, त्या वेळी घाई कुणाला असते?

मेरीकर
'उसंत' कसा वाटतो? छोटा आहे, गोड आहे.

सिडकोवाली
गोड आहे खरा, पण उसंत मिळत नाही एवढंच आपण म्हणतो. 'उसंत घ्या' कुणी म्हटलेलं ऐकलंय?

पीटीचे सर
शाळेतला 'विश्राम' सुचवणार होतो, तेवढ्यात आठवलं की तो ऐकला की माझ्या पिढीचे पाय आपोआप फाकतात आणि हात पाठीमागे जातात. बाद.

मात्र मूळ घोळ वेगळा आहे असं मला वाटतं. वाक्य कोण कुणाला म्हणतंय ते आधी ठरवा. पडद्यावर मोठ्या अक्षरात येतं ते ॲप माणसाला सांगतं. बटणावर असतं ते माणूस ॲपला सांगतो. दोन्हीकडे 'थांबा' लिहिलं तर हुकूम कुणाचा आणि पाळायचा कुणी? बटणावर 'थांबवा' लिहा, म्हणजे काहीतरी थांबवायचंय हे कळतं. स्वतः 'थांबायचं' तेव्हा पडदा सांगेल.

गोदाकाठ
सर, हे कामाचं निघालं. बटणाला 'थांबवा' आणि शेजारी नेहमीच्या दोन उभ्या रेघा. रेस्टच्या पडद्यावर 'दम घ्या', त्याखाली पुढच्या प्रकाराचं चित्र.

अक्षरांचंही बघावं लागतंय. बटणाची उंची इंग्रजीच्या मापाने बांधलेली, त्यामुळे वरचा अनुस्वार कापला जातो आणि 'विश्रांती'ची 'विश्राती' होते. अँड्रॉइड बटण किमान 48 डीपी ठेवायला सांगतं, ॲपल 44 पॉइंट (दोन्ही पडद्यावरची मापं). पण तो हिशेब हातातल्या फोनचा. इथे फोन भिंतीला टेकवलेला, माणूस पाच-सहा फुटांवर, चष्मा काढलेला, बोटं घामाने ओली. बटण दुप्पट केलंय.

तालीमवाला
आवाज 'तू' म्हणतो की 'तुम्ही'? आखाड्यात 'तू'च बरा वाटतो, 'मार अजून दोन!'

सिडकोवाली
'तू' केलंत की 'दमलास' की 'दमलीस' हे ठरवावं लागेल, म्हणजे आधी बाई की पुरुष विचारा. 'दमलात?' दोघांनाही चालतं. शिवाय गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरच्या काकांना फोनने अरे-तुरे केलेलं खपायचं नाही.

पीटीचे सर
उलटी मोजणी शेवटच्या पाचापासूनच द्या. एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस दर सेकंदाला म्हणून बघा, जीभ मागे पडते.

गोदाकाठ
पाचच ठेवते. राहिला स्टॉप, त्याला 'संपवा' लिहिलंय.

मेरीकर
'संपवा' जरा खुनशी वाटतं. 'आजचं पुरे' करा. आणि स्किपला 'वगळा' असेल तर काढा, परीक्षेत प्रश्न सोडल्यासारखं वाटतं. 'पुढचं' लिहा.

गोदाकाठ
दोन्ही घेतले. मावशीकडे पुन्हा फोन देऊन बघते.